पुलाच्या अलीकडची मुलगी

बाळकुम नाक्यावरून भिवंडीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कशेळीचा पूल येतो. खाली उल्हासची खाडी, शेजारी मेट्रोचे खांब, समोर गोदामांकडे निघालेल्या ट्रकांची रांग. पुलाच्या अलीकडे ठाणे महानगरपालिका. पलीकडे कशेळी, काल्हेर, म्हणजे भिवंडी तालुका, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद. जुने आगरी-कोळी पाडे दोन्हीकडे आहेत, चाळी दोन्हीकडे आहेत. अलीकडे टॉवर जास्त, पलीकडे गोदामं जास्त, इतकंच. माणसं रोज इकडून तिकडे जातात आणि आपण हद्द ओलांडली हे कुणाच्या मनातही येत नाही.

२०१८ साली ही हद्द एका भलत्याच ठिकाणी उमटली. त्या वर्षी ८ मार्चला, महिला दिनाचा मुहूर्त साधून, महाराष्ट्र सरकारने ‘अस्मिता’ योजना सुरू केली. पंकजा मुंडे तेव्हा ग्रामविकास आणि महिला-बालकल्याण मंत्री होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या ११ ते १९ वर्षांच्या मुलींना आठ सॅनिटरी पॅडचं पाकीट पाच रुपयांत, गावातल्या इतर बायकांना चोवीस रुपयांत, आणि विक्री बचत गटांमार्फत, अशी तिची मांडणी. शुभारंभाला अक्षय कुमार होता. महिनाभरापूर्वीच त्याचा ‘पॅडमॅन’ येऊन गेला होता. योजना ग्रामविकास खात्याची, म्हणून ती पुलाच्या पलीकडच्या मुलीसाठी. अलीकडच्या, पालिका शाळेतल्या मुलीने मेडिकलमधलं पाकीट छापील किमतीला घ्यायचं. मग दोघींच्या आया एकाच गोदामात पॅकिंगला जात असल्या तरी.

हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. केंद्राच्या आरोग्य खात्याने २०११ मध्ये आशाताईंमार्फत सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांत द्यायला सुरुवात केली. पाकिटाचं नाव ‘फ्रीडेज’, आणि पाकिटामागे आशाताईला एक रुपया. तीही योजना ग्रामीण मुलींसाठीच. शहरातली मुलगी म्हणजे टॉवरमधली मुलगी, असं सरकारी कागदाने गृहीत धरलेलं असतं. बाळकुम पाड्यातली, ढोकाळीच्या चाळीतली, पालिकेच्या शाळेत पायी जाणारी मुलगी त्या कागदाला दिसत नाही.

‘अस्मिता’मध्ये आणखी एक गोम होती आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा फार तर सातवी-आठवीपर्यंत असतात. पुढे मुली कुठल्यातरी संस्थेच्या अनुदानित हायस्कूलमध्ये जातात. पाळी साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू होते, म्हणजे सहावी-सातवीच्या आसपास. योजनेच्या कागदावर वय १९ पर्यंत. प्रत्यक्षात पाळी येऊन वर्ष-दीड वर्ष होतंय तोवर मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेतून बाहेर. पाच रुपयांचं पाकीट मिळण्याचा हक्क तिच्या हाती यायचा आणि लगोलग सुटायचाही. कागद करणाऱ्याला शाळा कितवीपर्यंत असते हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पण घोषणेत वयोगट मोठा दिसला की बरं दिसतं.

पुढे मे २०२२ मध्ये त्या वेळचे ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी जाहीर केलं, की १५ ऑगस्टपासून दारिद्र्यरेषेखालच्या आणि बचत गटांतल्या बायकांना दहा पॅड एका रुपयात मिळतील. महिन्याभरात सरकारच गेलं. पाच रुपये, मग एक रुपया. यातला रुपया मला ओळखीचा वाटतो. १९९२ साली याच राज्याने दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. तेव्हा एका रुपयात काहीतरी येत होतं. नंतर येईनासं झालं, भत्ता तरीही रुपयाच राहिला. मुलींसाठी काही करायचं म्हटलं की आपल्या सरकारच्या बोटांना रुपयाच लागतो, हे गमतीचं आहे.

आता ‘फुकट’ या शब्दाकडे येते, कारण सगळा वाद त्याच्याभोवती घोटाळतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पाटण्यात मुलींसाठी एक कार्यशाळा भरली होती. एका विद्यार्थिनीने व्यासपीठावरच्या महिला आयएएस अधिकाऱ्यांना विचारलं, की सरकार एवढं देतं, तर वीस-तीस रुपयांचे पॅड देऊ शकत नाही का? उत्तर असं मिळालं, की आज पॅड मागाल, उद्या जीन्स मागाल, परवा बूट मागाल, आणि शेवटी निरोधही सरकारनेच द्यायचे काय. चित्रफीत देशभर फिरली, राष्ट्रीय महिला आयोगाने खुलासा मागितला, बाईंनी खेद व्यक्त केला. पण त्या बोलल्या ते अनेकांच्या मनातलंच होतं. फरक इतकाच की बाकीचे माईकसमोर बोलत नाहीत. आमच्या सोसायटीच्या जिन्यातही मी हे ऐकलंय: खिचडी फुकट, पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, आता हेही फुकट.

या यादीत खडू का नसतो? फळा, बाक, पंखा, नळाचं पाणी, प्रथमोपचाराच्या पेटीतलं आयोडीन, हे सगळं मुलांना फुकटच मिळतं. पण खडू वापरणाऱ्या मुलाला कुणी लाभार्थी म्हणत नाही. गुडघा फुटलेल्या मुलाच्या जखमेवर बाई कापूस लावतात तेव्हा त्याच्याकडून दोन रुपये मागत नाहीत, आणि कापसाच्या गुंडाळीवर कुण्या मंत्र्याचा फोटो नसतो. खडू आणि कापूस हे शाळेचं सामान आहे. पॅडला मात्र आपण सामान मानलेलं नाही, ती ‘योजना’ आहे. तिला नाव असतं, उद्घाटन असतं, लाभार्थींची संख्या असते आणि एक मंत्री असतो. मंत्री बदलला की योजनेचं काय होतं ते शाळेतल्या कुठल्याही बाईंना विचारा.

फोटोचा विषय निघालाच आहे तर, २०२५ च्या जुलैत बिहारमध्ये निवडणुकीच्या आधी काँग्रेसने पॅडची पाकिटं वाटायचं ठरवलं आणि पाकिटावर राहुल गांधींचा फोटो छापला. समोरच्या पक्षाने गदारोळ केला. दोन दिवस चर्चा चालली ती फोटो असावा की नसावा यावर. पाकिटात किती पॅड आहेत, ते संपल्यावर पुढच्या महिन्यात काय, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही.

कराचा वाद आठवत असेल. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पॅडवर १२ टक्के कर होता, आणि कुंकू-बांगड्यांवर शून्य. मुंबईतून ‘लहू का लगान’ नावाने मोहीम निघाली, सुप्रिया सुळे यांच्यासारख्या खासदारांनी पत्रं लिहिली, दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. सरकारचं म्हणणं होतं, की जीएसटीआधी अबकारी आणि व्हॅट मिळून साधारण तेवढाच कर होता, आणि कच्च्या मालावर १२ ते १८ टक्के कर असताना तयार मालावर शून्य लावला तर इथल्या उत्पादकाला कच्च्या मालाच्या कराची वजावट मिळणार नाही. जुलै २०१८ मध्ये कर शून्य झाला. घोषणा गोड होती, पण सरकारचा तो हिशेब खोटा नव्हता. वजावट गेली, आणि म्हणून दुकानातली किंमत कर उतरला तितकी उतरली नाही. खरा फरक पाडला तो जनऔषधी केंद्रांनी. तिथला ‘सुविधा’ पॅड २०१९ च्या ऑगस्टपासून एक रुपयाला एक मिळतो. सवाल इतकाच, की तेरा वर्षांची मुलगी जनऔषधी केंद्रापर्यंत जाईल का, आणि गेली तर काउंटरवरच्या दादाकडे मागेल का.

मागण्याची ही अडचण खिशाइतकीच जुनी आहे. पाळीला नावानेही न बोलावण्यात मराठी मोठी तरबेज. कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण आली, बाजूला बसली, शिवायचं नाही. मी ठाण्यात सातवीत होते तेव्हा एका पॅड कंपनीच्या दोन ताई शाळेत आल्या होत्या. मुलांना आधी मैदानावर सोडलं. वर्गाची दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद पडलेला, आणि त्या उकाड्यात एका ताईंनी पॅडवर निळं पाणी ओतून दाखवलं. रक्त निळं का, हे कुणी विचारलं नाही. शेवटी प्रत्येकीला एक पाकीट आणि एक माहितीपत्रक. आम्ही ते दप्तरात, भूगोलाच्या वहीखाली, डब्याच्याही खाली कोंबलं. मैदानावरून आलेली मुलं ‘काय दिलं, काय दिलं’ म्हणून मागे लागली आणि वर्गातल्या सगळ्यात धीट मुलीने सांगितलं, ‘साबण.’ त्या दिवशी आम्ही पाळीबद्दल फार काही शिकलो नाही. लपवायचं कसं हे मात्र शाळेच्या तासात, अधिकृतपणे शिकलो.

पॅड कशाचा असतो हे मला पंचविशीत कळलं. वरचा पातळ थर प्लास्टिकच्या न विणलेल्या कापडाचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलिनचा. मध्ये लाकडाचा पिंजलेला लगदा, आणि त्यात सोडियम पॉलिअक्रिलेटची पूड. ही पूड साधं पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषते, खारट द्रव बराच कमी. निळ्या पाण्याच्या प्रयोगात मुलींना दिसतं ते साधं पाणी. खाली पुन्हा पॉलिथिनचा थर. भारतीय मानक ब्युरोचं यासाठी आयएस ५४०५ हे मानक आहे. १९८० नंतर ते सुधारून निघालं थेट २०१९ मध्ये. एकोणचाळीस वर्षं त्यात काही बदलावं असं कुणाला वाटलं नसावं.

मोफत पॅडची बाजू घेणारे एक आकडा हमखास फेकतात: पाळी सुरू झाल्यावर २३ टक्के मुली शाळा सोडतात. मीही भाषणात तो वापरलेला आहे. हा आकडा आला २०१०-११ च्या सुमाराला झालेल्या एका बाजार-सर्वेक्षणातून. देशात फक्त १२ टक्के बायका पॅड वापरतात हा आकडाही तिथलाच. पुढच्या काही वर्षांतच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयातल्या ५७.६ टक्के मुली-बायका स्वच्छ साधनं वापरतात असं दिसलं, आणि २०१९-२१ च्या फेरीत प्रमाण ७७ टक्क्यांवर गेलं. त्याच फेरीत पॅड वापरणाऱ्या ६४ टक्के आणि कापड वापरणाऱ्या ५० टक्के निघाल्या. बेरीज शंभरावर जाते, कारण बऱ्याच जणी दोन्ही वापरतात. घरी कापड, बाहेर पॅड. महिन्याच्या सुरुवातीला पॅड, पगार संपत आला की कापड. ज्याच्या घरात बायका आहेत त्याला हे सांगावं लागत नाही.

शाळा बुडण्याबद्दलही पुरावा आपल्या घोषणांइतका सरळ नाही. एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्नटन या अर्थशास्त्रज्ञांनी नेपाळमध्ये शाळकरी मुलींवर नीट प्रयोग केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळीमुळे मुलींची शाळा वर्षाला अर्ध्या दिवसाहून कमी बुडते असं त्यांना आढळलं, आणि मासिक पाळीचे कप मोफत दिल्याने हजेरीत काही फरक पडला नाही. विरोधकांना हे फार आवडतं. पण त्याच विषयाचं दुसरं टोक आपल्याकडचं आहे. अंजली अडुकिया यांनी भारतातल्या शाळांमध्ये २००० नंतर बांधलेल्या शौचालयांचा अभ्यास केला. शौचालय झालं की पट वाढला. आणि वयात आलेल्या मुलींचा पट वाढला तो मुलींसाठी वेगळं शौचालय झालं तिथे. मुलीला शाळेत धरून ठेवायला पॅडपेक्षा कडी लागणारं दार जास्त कामाचं, असा त्याचा अर्थ मी लावते.

तेव्हा हजेरीचा मुद्दा सोडूनच द्यावा, असं मला आता वाटतं. पॅडने पट वाढणार असेल तरच पॅड द्यायचे, ही अटच मुळात विचित्र आहे. पंख्याने हजेरी किती वाढते हे मोजून आपण पंखे लावत नाही.

दाराच्या कडीचा हिशेब मात्र मांडायला हवा. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच मुला-मुलींची वेगळी शौचालयं सक्तीची केली. २०१४ च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून वर्षभरात सगळ्या शाळांत ती बांधायची घोषणा झाली, आणि सरकारी कंपन्यांनी लाखाच्या वर शौचालयं बांधली. महालेखापरीक्षकांनी त्यांतली काही जाऊन पाहिली आणि २०२० मध्ये अहवाल मांडला: ७२ टक्क्यांत नळाला पाणी नव्हतं आणि ५५ टक्क्यांत हात धुवायची सोय नव्हती. पाणी नसलेल्या शौचालयात मुलीला पॅड मोफत दिला, तर ती तो बदलणार कुठे, आणि बदलून टाकणार कुठे?

ठाण्यात या प्रश्नाला कुणी हात घातला नाही असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये वागळे इस्टेटच्या शांतीनगर वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयात पालिका आणि म्यूज फाउंडेशन ही ठाण्याची संस्था यांनी मिळून एक ‘पीरियड रूम’ उघडली. मोठं काही नव्हतं: एक खोली, पाण्याचा फवारा, साबण, कागदाचा रोल, चालू नळ, कचऱ्याचा डबा. खर्च सुमारे ४५ हजार रुपये. शहरातल्या १२० सार्वजनिक शौचालयांत अशी खोली करायचं तेव्हा बोललं गेलं. वस्तीतल्या बाईला घरात मोरीसुद्धा स्वतःची नसते, दहा बाय दहाच्या खोलीत सासरा आणि दीर असतात, सार्वजनिक शौचालयाबाहेर रांग असते आणि पाच मिनिटं झाली की दार वाजतं. अशा ठिकाणी पॅडपेक्षा न वाजणारं दार महाग असतं. ही कल्पना शाळेत आधी यायला हवी होती, ती वस्तीतून आली, याचंच मला नवल वाटतं.

आणि नुसत्या साधनांनी भागत नाही, हे आमच्याच जिल्ह्याने दाखवलं. बाळकुमहून नाशिक महामार्गाने गेलं की शहापूर. जुलै २०२५ मध्ये तिथल्या एका खाजगी इंग्रजी शाळेत शौचालयात रक्ताचे डाग दिसले. पालकांच्या तक्रारीनुसार पाचवी ते दहावीच्या मुलींना सभागृहात बोलावलं, डागांचे फोटो पडद्यावर दाखवले, पाळी कुणाला चालू आहे ते विचारलं, आणि ज्या नाही म्हणाल्या त्यांना शौचालयात नेऊन तपासलं. दुसऱ्या दिवशी पालक शाळेत धडकले; मुख्याध्यापिका आणि एक महिला कर्मचारी यांना अटक झाली, पॉक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. ही फी भरणाऱ्यांची शाळा. पॅड विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून तिथे काही घडलं नाही. फरशीवरचा डाग पुसायला फडकं लागतं. तिथे प्रोजेक्टर लागला. त्याआधी दोन वर्षं, मे २०२३ मध्ये, उल्हासनगरात बारा वर्षांच्या बहिणीच्या कपड्यावर पाळीचा डाग बघून सख्ख्या भावाने भलताच संशय घेतला आणि तिला मारहाण करून तिचा जीव घेतला. तिशीच्या त्या माणसाला पाळी म्हणजे काय हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तोही कधीकाळी कुठल्यातरी वर्गात असेल, आणि असल्या विषयाच्या दिवशी त्यालाही मैदानावर सोडलं असेल.

मुलग्यांना मैदानावर पाठवणं बंद करायला एक पैसाही लागत नाही. म्हणूनच बहुधा त्याची योजना होत नाही.

बाहेरच्या देशांत हा वाद संपलाय असं समजू नये. केनियाने २०१७ मध्ये कायदाच केला, की सरकारी शाळेतल्या पाळी सुरू झालेल्या प्रत्येक मुलीला पुरेसे पॅड मोफत, आणि ते टाकायची सुरक्षित सोयही द्यायची. न्यूझीलंडने २०२१ मध्ये शाळांतून सुरुवात केली. स्कॉटलंडमध्ये मोनिका लेनन या संसद सदस्येने आणलेलं विधेयक २०२० च्या नोव्हेंबरमध्ये एकमताने मंजूर झालं आणि ऑगस्ट २०२२ पासून ज्याला लागेल त्याला साधनं देणं स्थानिक संस्थांवर आणि शिक्षणसंस्थांवर बंधनकारक झालं. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी १ जानेवारी २०२४ पासून हेच केलं. तिथे भांडण पैशावरून फारसं झालं नाही, ते झालं मुलांच्या स्वच्छतागृहातही डबा ठेवायचा का यावर. त्या राज्याचे गव्हर्नर टिम वॉल्झ उपाध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा विरोधकांनी त्यांचं नाव ‘टॅम्पॉन टिम’ ठेवलं. पाळीच्या बोळ्यावरून राष्ट्रीय पुढाऱ्याचं टोपणनाव पडावं, हे वाचताना आपल्याकडचा गदारोळ जरा सुसह्य वाटतो.

आपल्याकडे हा प्रश्न शेवटी कोर्टात ठरला. मध्य प्रदेशच्या काँग्रेस कार्यकर्त्या डॉ. जया ठाकूर यांनी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली: सहावी ते बारावीच्या मुलींना मोफत पॅड आणि प्रत्येक शाळेत वेगळं शौचालय. एप्रिल २०२३ मध्ये कोर्टाने केंद्राला देशभरासाठी एक धोरण करायला सांगितलं. आणि ३० जानेवारी २०२६ ला न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या पीठाने निकाल दिला, की पाळीच्या काळातलं आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. शाळा सरकारी असो की खाजगी, शहरातली असो की खेड्यातली, पॅड मोफत. वेगळं शौचालय, त्यात पाणी. जादा गणवेश आणि अंतर्वस्त्रं ठेवलेला एक कोपरा. वापरलेले पॅड टाकायची सोय. शहर की खेडं हा भेद कोर्टाने एका वाक्यात मोडला. कागदावर तरी कशेळीचा पूल आता मधून गेला.

निकालातली एक गोष्ट मला खटकते. पॅड ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ असावेत असं त्यात म्हटलंय. जनऔषधीचे पॅडही त्याच नावाने विकले जातात. ऑक्सो म्हणजे प्लास्टिकमध्ये अशी द्रव्यं घालायची की हवा, ऊन आणि उष्णता लागली की ते लवकर तुटेल. तुटतं खरं, पण तुटून मातीच होतं की बारीक कण होऊन राहतात, यावर जगभर वाद आहे, आणि युरोपीय संघाने असल्या ऑक्सो प्लास्टिकच्या वस्तूंवर जुलै २०२१ पासून बंदी घातलीय. शाळाशाळांतून लाखो पॅड जाणार असतील तर हा शब्द नीट तपासायला हवा होता.

कारण पॅड वापरल्यावर तो कुणाच्यातरी हातात जातोच. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचक बायकांच्या संस्थेने २०१३ मध्ये वापरलेल्या पॅडची पोती भरून थेट उत्पादक कंपन्यांना पाठवून दिली होती. तुमचा माल, तुम्हीच बघा. मला या देशातलं पाळीबद्दलचं सगळ्यात मुद्देसूद निवेदन तेच वाटतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कंपन्यांना पॅडसोबत टाकण्यासाठी वेष्टन द्यायला सांगितलं, आणि पुण्याने कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली, म्हणजे वेचणारीला न उघडता कळावं. शाळांमध्ये त्याऐवजी छोटी भट्टी बसवायची फॅशन आली. प्लास्टिक धड जळायला ८०० अंशांच्या वर उष्णता लागते. शौचालयाच्या भिंतीवरच्या त्या डब्यात ती कितपत होते, याची कल्पना त्यातून निघणाऱ्या वासावरून येते.

पॅडच्या मशीनची गतही तीच. ठाण्यातल्या एका शाळेत दोन वर्षांपूर्वी मुलींशी बोलायला गेले होते. मुलींच्या शौचालयाच्या बाहेर, जिन्याच्या वळणावर, गुलाबी रंगाची पत्र्याची पेटी होती. पाच रुपयांचं नाणं टाकायचं, दांडा फिरवायचा, आतली मळसूत्री तार एक घर पुढे सरकते आणि पॅड खाली पडतो. मी नाणं टाकलं. अडकलं. ते मशीन जुनं जाड नाणं ओळखत होतं, नवीन पातळ नाही. शिपाईमावशी म्हणाल्या, तसंही आत काही नाही, भरलेले पॅड पहिल्या महिन्यातच संपले. किल्ली कुणाकडे? ऑफिसात. ऑफिसात सांगितलं, किल्ली आहे, पण माल कोण भरणार ते देणगीदारांनी सांगितलेलं नाही. पेटीवर मात्र देणगीदारांचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि रंग अजून उडाला नव्हता.

म्हणून मला सादिल हा शब्द आवडतो. सरकारी शाळेत काम केलेल्या माणसाला तो सांगायला नको: खडू, डस्टर, फिनेल, झाडू, कागद, विजेचं बिल, हा सगळा किरकोळ खर्च सादिलातून होतो. समग्र शिक्षा अभियानात २०१८ पासून शाळेला पटसंख्येवर अनुदान मिळतं. १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५० हजार, आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. समजा दोनशे पटाची शाळा, पाळी सुरू झालेल्या चाळीस मुली. महिन्याला बारा पॅड धरले तर मुलीमागे वर्षाला १४४. जनऔषधीच्या भावाने १४४ रुपये, दुकानातल्या पाच-सात रुपयांच्या पॅडने सातशे ते हजार. चाळीस मुलींना वर्षभर पूर्ण पुरवायचे म्हटलं तरी ५,७६० रुपये. नुसतं शाळेत अचानक आली तर म्हणून महिन्याला तीन धरले, दहा महिने, तर बाराशे. स्वच्छतेच्या पाच हजारांत बसतं. अनुदान वेळेवर आणि पूर्ण आलं तर, हे अर्थातच.

या हिशेबात उद्घाटन नाही, कार्ड नाही, लाभार्थी नाही. ज्या मुलीला लागला तिने डब्यातून घेतला, संपले की मावशींनी सांगितलं, लिपिकाने मागवले. शाळेची खिचडी नोव्हेंबर २००१ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्याच आदेशाने शिजायला लागली आणि आज तिच्यावर कुणी भाषण करत नाही, कारण तिचा तांदूळ, तिची बाई आणि तिचं मानधन ठरलेल्या रकान्यात बसलं. खिचडीबद्दल आता तक्रारी होतात त्या मिठाच्या.

त्या गुलाबी पेटीच्या शाळेतून निघताना एक बाई फाटकापर्यंत सोडायला आल्या. वीस-बावीस वर्षांची नोकरी, आठवीच्या वर्गशिक्षिका. म्हणाल्या, मशीनचं सोडा हो, माझ्या कपाटात नेहमी दोन पाकिटं असतात, मुलींना माहीत आहे, येतात आणि घेऊन जातात. पैसे कुठून? आधी स्वतःचे घालायच्या. मग हेडसरांशी बोलून प्रथमोपचार पेटीच्या बिलात घालायला लागल्या. मेडिकलवाला ओळखीचा, त्याला सांगितलं होतं.

‘बिलावर पॅड लिहिलं तर ऑडिटला विचारतात,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणून कापूस लिहितो. चार वर्षं झाली. एवढा कापूस कुठल्याच शाळेला लागत नाही, पण अजून कुणी हटकलं नाही.’